गोळीचं माप : डाय आणि पंचची गोष्ट

बचत गटाच्या बैठकीत आपण वजनमापावर नेहमी बोलतो. एका किलोत पापड किती बसले पाहिजेत, लाडू एकसारखा का हवा, पाकिटावर लिहिलंय तेवढं आत भरलं का. आज मी तुम्हाला अशा एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे, जिच्यात वजनाची चूक झाली तर गिऱ्हाईक नुसतं नाराज होत नाही, माणसाच्या जिवावर बेतू शकतं. ती वस्तू म्हणजे औषधाची गोळी.

घरात डोकेदुखीची, तापाची गोळी असेल तर पाकीट हातात घेऊन बघा. दहाच्या दहा गोळ्या सारख्या. आकार तोच, जाडी तीच, मधली रेघ त्याच जागी. आपल्यातली सगळ्यात हुशार सुगरण बसली तरी हाताने असे दहा लाडू वळू शकणार नाही, आणि गोळ्या तर कारखान्यात लाखांनी निघतात. हे काम करतात पोलादाचे दोन भाग. भोक असलेल्या भागाला म्हणतात डाय आणि त्या भोकात उतरणाऱ्या दांड्याला म्हणतात पंच. कारखान्यातले कामगार दोन्ही मिळून ‘डाय-पंच’ म्हणतात. आपणही तेच शब्द वापरू.

हे यायच्या आधी औषध कसं मोजत होते? आपल्याकडची बाळगुटी आठवा. सहाणेवर हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ उगाळायचं. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. जायफळाचा एखादाच वेढा, कारण जास्त झालं तर बाळ गुंगून पडतं, हे आजीला माहीत होतं. म्हणजे वेढा हे आजीचं माप होतं. पण एकीचा हात जड, दुसरीचा हलका. एकीची सहाण खरखरीत, दुसरीची झिजलेली. वेढा एकच, उतरणारं औषध वेगळं.

दवाखान्यातही फार वेगळं नव्हतं. कंपाउंडर लाल औषध बाटलीत भरायचा आणि बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. आपल्या आई-आजीला ती पट्टी चांगली आठवत असेल. नाहीतर कागदाच्या पुड्या असायच्या, खलात कुटून केलेल्या. पुडी बांधणाऱ्याचा हात आणि घरी बाटली ओतणाऱ्याचा हात, दोन्हींवर भरवसा.

युरोपातही गोळ्या हातानेच व्हायच्या. औषधाची पूड मधात किंवा डिंकाच्या पाण्यात मळायची, तिची लांब वळी करायची, खाचा असलेल्या फळीवर ती कापायची आणि तुकडे बोटांनी गोल करायचे. आपल्या वैद्यांच्या वटी-गुटिकाही अशाच मळून वळलेल्या. औषध झाडपाल्याचं असेल आणि मात्रा चिमूटभर असेल तोवर थोडं कमीजास्त चालून जायचं.

मग एकोणिसावं शतक उजाडलं आणि रसायनशास्त्राने झाडपाल्यातून नेमकं औषध वेगळं काढायला सुरुवात केली. अफूतून मॉर्फिन निघालं. १८२० साली पेलेटिये आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनाइन वेगळं केलं. मलेरियाच्या तापावरचं हेच ते कडू औषध. सालीची पूड वाटीभर खावी लागत होती, तिथे आता चिमूटभर पुरू लागलं. औषध जितकं कडक, तितकं माप नाजूक. मॉर्फिनची मात्रा थोडी जास्त झाली तर माणूस झोपेतून उठत नाही. आता वेढा, चिमूट आणि अंदाज पुरणार नव्हते.

यावर उपाय निघाला तो एका चित्रकाराच्या डोक्यातून, आणि त्याला औषधं करायची नव्हती. त्याला करायची होती पेन्सिल!

त्याचं नाव विल्यम ब्रॉकेडन. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात टॉटनेस गावी १७८७ साली जन्मला. बाप घड्याळजी, त्यामुळे बारीक यंत्रकामाची सवय लहानपणापासूनची. पुढे तो चित्रकार झाला, आल्प्स पर्वतातले घाट हिंडून त्यांची चित्रं काढली. पण हात यंत्रांकडेही वळायचे. १८१९ साली त्याने माणिक, नीलम, हिरा अशा कठीण रत्नांना भोक पाडून त्यातून धातूची बारीक तार ओढायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे आपण शोधलेल्या युक्तीवर सरकारने काही वर्षांसाठी दिलेला हक्क. नेमक्या मापाचं भोक असलं की त्यातून निघणारी प्रत्येक तार एकाच जाडीची निघते, हे तो तेव्हाच शिकला होता.

त्या काळी पेन्सिलीचं उत्तम शिसं म्हणजे ग्रॅफाइट, इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथल्या खाणीतून यायचं. तिथे ग्रॅफाइटचे एवढे शुद्ध ढेकळ मिळत की ते थेट कापून काड्या करता येत. पण खाण संपत आली. उरला तो चुरा आणि भुकटी. ब्रॉकेडनला प्रश्न पडला, या भुकटीत चिकण किंवा डिंक न मिसळता, नुसती दाबून ती पुन्हा घट्ट करता येईल का? त्याने भुकटीतली हवा काढून घेतली आणि ती जबर दाबली. भुकटीचा दगड झाला.

मग त्याच्या लक्षात आलं, ग्रॅफाइटचं जे झालं ते औषधाच्या पुडीचंही होईल. १८४३ साली त्याने इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, गोळ्या, चघळायच्या वड्या आणि पेन्सिलीचं शिसं डायमध्ये दाबून घडवण्याचं. तिन्ही एकाच कागदावर. आपल्या मुलाच्या दप्तरातली पेन्सिल आणि आजीच्या डबीतली बीपीची गोळी, दोघींची जन्मकथा अशी एकत्र येते.

त्याचं साधन अगदी साधं होतं. पोलादाच्या डायला आरपार भोक. खालून एक पंच बसवून भोकाचं बूड बंद करायचं. वरून औषधाची पूड टाकायची. वरचा पंच भोकात ठेवायचा आणि त्याच्यावर हातोडा मारायचा. मग पूड घट्ट होऊन गोळी तयार. पोटॅशियम बायकार्बोनेट हे क्षाराचं औषध त्याने अशा गोळ्यांच्या रूपात पहिल्यांदा बाजारात आणलं. मळायचं नाही, मध नाही, डिंक नाही. ब्रॉकेडन १८५४ साली वारला. आपल्या या युक्तीचं पुढे काय होणार आहे याची त्याला फारशी कल्पना नसावी.

आता ही युक्ती आपल्या भाषेत समजून घेऊ. डाय म्हणजे उखळ, पण बूड नसलेलं. पंच म्हणजे मुसळ, पण एक वरून आणि एक खालून. खालचं मुसळ उखळाच्या आत काही अंतरावर थांबतं आणि तेच बूड होतं. वर जी पोकळ जागा उरते ती पुडीने भरायची आणि काठाबरोबर सपाट करायची.

इथेच खरी गंमत आहे. जुन्या काळी आपण धान्य कसं मोजायचो? चिपटं, मापटं, अदुली, पायली. मापट्यात जोंधळे ओतायचे आणि हाताने वरचे काढून काठाबरोबर सपाट करायचे. तराजूची गरज नाही. माप सारखं, भरणं सारखं, तर धान्यही सारखंच. डायचं भोक हे तसंच मापटं आहे. यंत्र प्रत्येक गोळी तराजूवर तोलत नाही. ते भोक भरतं, काठाबरोबर सपाट करतं आणि दाबतं. खालचा पंच थोडा खाली सरकवला की पोकळी खोल होते आणि गोळीचं वजन वाढतं. वर सरकवला की कमी होतं. औषधाचं माप त्या खोलीत आहे.

टांकसाळीत नाणं पाडायलाही ठसे लागायचेच. आपल्या शिवराईवर ठसाच आहे. पण तिथे धातूचा तुकडा आधी घ्यायचा, मग त्यावर ठसा मारायचा. कितीतरी शिवरायांवर अक्षरं काठाबाहेर गेलेली दिसतात, कारण ठसा मोठा आणि तुकडा लहान. ठसा फक्त खूण उमटवायचा. गोळीचा डाय खूण, आकार आणि माप ही तिन्ही कामं एका दाबात करतो.

हातोडा मारून दिवसात किती गोळ्या होणार? पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. फिलाडेल्फिया शहरात जेकब डंटन नावाच्या औषधवाल्याने १८६०च्या दशकात दाबून गोळ्या करायला सुरुवात केली. त्याच शहरातल्या जॉन वायथ यांच्या कंपनीत हेन्री बोअर हा माणूस कामाला होता. १८७२च्या सुमारास त्याने फिरतं यंत्र बनवलं. गोल चकतीवर अनेक डाय बसवलेले, प्रत्येकाचे आपले दोन पंच. चकती फिरते तसा एक डाय भरला जातो, पुढचा सपाट होतो, त्याच्या पुढचा दाबला जातो आणि शेवटच्यातला खालचा पंच वर येऊन गोळी बाहेर ढकलतो. आपल्याकडच्या जत्रेतल्या पाळण्यासारखं. कुणी चढतंय, कुणी वर आहे, कुणी उतरतंय, आणि पाळणा थांबत नाही. आजची यंत्रंही याच तत्त्वावर चालतात आणि तासाला लाखो गोळ्या काढतात.

वायथ कंपनीच्या गोळ्या विकायला सायलस बरोज नावाचा तरुण अमेरिकेतून लंडनला गेला. तिथे त्याने आपला मित्र हेन्री वेलकम याला बोलावून घेतलं आणि १८८० साली दोघांनी मिळून कंपनी काढली. सुरुवातीला माल अमेरिकेचा, नंतर यंत्रं आणून गोळ्या इंग्लंडमध्येच होऊ लागल्या. १८८४ साली वेलकमने आपल्या मालासाठी एक नवं नाव नोंदवलं, टॅब्लॉइड. नाव एवढं चाललं की लोक कुठल्याही छोट्या, आटोपशीर वस्तूला टॅब्लॉइड म्हणू लागले. दुसऱ्यांनी हे नाव वापरू नये म्हणून कंपनीला कोर्टात जावं लागलं. पुढे छोट्या आकाराच्या वर्तमानपत्रालाही तेच नाव पडलं. गोळीवरून पेपरला नाव मिळालं!

या गोळ्यांनी एक मोठा बदल केला. दूरच्या प्रवासाला, जहाजावर, युद्धावर जाणाऱ्यांना औषधांची पेटी सोबत नेता येऊ लागली. बाटली फुटायची भीती नाही, तराजू नको, खल नको आणि कंपाउंडरही नको. पेटी उघडायची आणि ‘दोन गोळ्या’ एवढंच म्हणायचं. औषधाचा डोस ‘दोन गोळ्या’ असा नुसत्या आकड्यात सांगता येऊ लागला, तो डायच्या भोकामुळे. आशाताई दारात येऊन ‘रोज एक’ एवढंच सांगते आणि आपल्याला पुरतं, त्याच्या मागेही हाच इतिहास आहे.

आता तुम्ही म्हणाल, पूड टाकायची आणि दाबायचं, यात एवढं काय? इथे स्वयंपाकघरातलं शहाणपण लागतं.

मापट्यात गव्हाचं पीठ भरून बघा. कधी फुगून बसतं, कधी दाबून बसतं, मध्ये पोकळी राहते. दर वेळी वजन वेगळं. पण रवा भरा, तो सरसर वाहतो आणि सारखा बसतो. औषधाची पूड पिठासारखी असते. म्हणून कारखान्यात आधी तिचा रवा करतात. पूड थोड्या खळीत ओलसर करायची, चाळणीतून दाबून काढायची, वाळवायची आणि पुन्हा चाळायची. हा रवा डायमध्ये प्रत्येक वेळी सारखाच भरतो.

दुसरी अडचण चिकटण्याची. मोदकाच्या साच्याला तूप लावलं नाही तर मोदकाचं नाक साच्यातच राहतं. पंचाच्या तोंडालाही पूड चिकटते आणि गोळीवर खड्डा पडतो. त्यासाठी रव्यात मॅग्नेशियम स्टिअरेट नावाची बुळबुळीत पूड अगदी थोडी मिसळतात. जास्त घातली तर गोळी घट्ट होत नाही आणि पोटात लवकर विरघळतही नाही.

तिसरी गोष्ट, गोळी पोटात फुटली पाहिजे. साबुदाणा पाण्यात टाकला की फुगतो, तसा मक्याचा स्टार्च गोळीत घालतात. पाणी लागलं की तो फुगतो आणि गोळीला आतून उकलतो. साध्या, वरून लेप नसलेल्या गोळीने पाण्यात १५ मिनिटांच्या आत फुटलं पाहिजे, असा आपल्या भारतीय औषधसंहितेचा नियम आहे. पाण्यात विरघळवून द्यायच्या गोळीला फक्त ३ मिनिटं.

सगळ्यात अवघड गोष्ट मिसळण्याची. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी बहुतेकींना माहीत आहे. तिच्यात दोन संप्रेरकं असतात. एकाचं वजन ०.१५ मिलिग्रॅम, दुसऱ्याचं फक्त ०.०३ मिलिग्रॅम. म्हणजे दुसऱ्याच्या एका ग्रॅममध्ये ३३ हजारांहून जास्त गोळ्या होतात. साखरेच्या एका दाण्याहूनही कितीतरी कमी. एवढं औषध हातात धरता येत नाही, चिमटीत येत नाही. म्हणून ते भरपूर निरुपद्रवी पुडीत, थोडं थोडं करत, पुन्हा पुन्हा दुप्पट करत मिसळतात. पापडाच्या पिठात पापडखार नीट मिसळला नाही तर एक पापड फिका आणि दुसरा जिभेला झोंबणारा होतो ना? तिथे पापड टाकून देता येतो. इथे एका गोळीत औषध नाही आणि दुसरीत दुप्पट, असं झालं तर त्या बाईला नको असताना दिवस जातील. डाय भरतो ते नेमकं, पण भरायचं मिश्रण सारखं असेल तरच त्या नेमकेपणाचा उपयोग.

आणि डायला स्वतःलाही जपावं लागतं. पंच साधारण सव्वापाच इंच लांबीचा, कडक पोलादाचा, तोंड आरशासारखं गुळगुळीत केलेला. जगभर त्याची मापं ठरलेली आहेत. जास्त चालतात ते दोन प्रकार, बी आणि डी. ही अक्षरं इंग्लंडच्या मॅनेस्टी कंपनीच्या जुन्या यंत्रांवरून पडली. बी पंचाचा दांडा १९ मिलिमीटर जाडीचा, डी पंचाचा एक इंच जाडीचा. एकाच यंत्रातल्या सगळ्या पंचांची लांबी एकमेकींशी जुळावी लागते. इंचाचा हजारावा भाग एवढा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी फरक चालतो. कारण एक पंच आखूड निघाला तर त्याच्या भोकातली प्रत्येक गोळी वेगळी. शंभर गोळ्यांत एखादी वाईट, एवढं ते राहत नाही. तो एक पंच दर फेरीत तीच चूक करत राहतो.

म्हणून कारखान्यात पंच कुलपात ठेवतात, वहीत नोंद करून देतात, मापून परत घेतात, तेल लावून डब्यात ठेवतात. लग्नातली भांडी गटाकडून नेणाऱ्या बाईची आपण सही घेतो, परत येताना एकेक तपासून घेतो, तसंच. पंचाचं तोंड झिजलं की गोळीवरचं अक्षर पुसट होतं. डाय झिजला की गोळीच्या कडेला पापुद्रा येतो. दाबताना आत हवा अडकली तर गोळीची टोपी निघते, वरचा पातळ भाग सुटून येतो. शिवाय ठरलेल्या वेळाने गोळ्या काढून तोलतात. नियम असा, २० गोळ्या घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. सरासरी २५० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर फक्त दोनच गोळ्यांना पाच टक्क्यांच्या बाहेर जायची मुभा, आणि दहा टक्क्यांच्या बाहेर एकही नको. पाकिटाचं वजन तपासायला येणारा वजनमाप निरीक्षक आठवतो ना? औषधाचा नियम त्याच जातीचा.

आपल्या देशात ही विद्या कशी रुजली? कोलकात्यात रसायनतज्ज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०१ साली बंगाल केमिकल ही कंपनी उभी केली, देशी माणसांनी देशात औषधं करावीत म्हणून. मुंबईत १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सिप्ला ही कंपनी काढली. १९३९ साली गांधीजींनी तिला भेट दिली होती. १९७० साली पेटंटचा नवा कायदा झाला आणि १९७२ पासून लागू झाला. औषधावर नव्हे, ते करण्याच्या पद्धतीवर पेटंट, असं ठरलं. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध आपल्या कारखान्यांना करता येऊ लागलं आणि गोळ्या स्वस्त झाल्या. २००५ साली कायदा पुन्हा बदलला, पण तोवर आपल्याकडे कारखाने, कामगार आणि हातातलं कसब तयार झालं होतं.

याचा सगळ्यात मोठा उपयोग २००१ साली दिसला. एड्सच्या आजाराने आफ्रिकेत लाखो माणसं मरत होती. औषधं होती, पण वर्षाला एका माणसाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. शिवाय तीन औषधं वेगवेगळ्या कंपन्यांची, त्यामुळे तीन डब्या, वेगवेगळ्या वेळा. सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. आणि तिन्ही औषधं एकाच गोळीत बसवली. एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजारी माणसालाही लक्षात राहील एवढं सोपं. तीन औषधं एका डायच्या भोकात एकत्र आली, एवढीच ती यंत्राची गोष्ट, पण तिच्यामुळे कितीतरी घरांत आई राहिली.

आपल्या गावातही हेच चालतं. क्षयरोगाच्या गोळीत सुरुवातीच्या दोन महिन्यांत चार औषधं एकत्र असतात. रुग्णाच्या वजनावरून रोजच्या गोळ्यांची संख्या ठरते. वजन वाढलं की गोळ्यांची संख्या बदलते. प्रत्येक गोळी सारखी असल्यामुळेच हा हिशोब करता येतो. म्हणून घरात कुणी ‘आज बरं वाटतंय, दोनच घेते’ म्हणाली तर तिला सांगा, संख्या वजनावरून ठरलीय, बरं वाटण्यावरून नाही.

आता गोळीवरच्या रेघेबद्दल. ती शोभेची नसते. पंचाच्या तोंडावर उंच धार असते, तिच्यामुळे गोळीवर खाच पडते. अर्धी गोळी द्यायची असेल तर त्या खाचेवर मोडायची. जंतनाशक मोहिमेत एक ते दोन वर्षांच्या बाळाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, चुरून पाण्यासोबत देतात आणि मोठ्या मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी चावून खायला सांगतात. जुलाबाच्या झिंकच्या गोळीचंही तसंच. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून, सहा महिन्यांपुढे पूर्ण, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस.

पण रेघ नसेल तर आपल्या मनाने गोळी मोडू नका. काही गोळ्यांवर असा लेप असतो की त्या जठरात न फुटता पुढे आतड्यात फुटतात. काही गोळ्या दिवसभर थोडं थोडं औषध सोडतात. अशी गोळी कुटली किंवा चावली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं, नाहीतर जठरालाच जाळतं. गिळायला जड जात असेल, आजारी सासऱ्यांना नळीतून द्यायची असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा, ‘ही मोडता येते का? कुटता येते का?’ एवढा एक प्रश्न.

शेवटचं, नकली गोळ्यांबद्दल. डाय-पंच ज्याच्या हातात, त्याला कुणाच्याही गोळीची हुबेहूब नक्कल पाडता येते. आत खडूची पूड भरली तरी वरून ओळखू येत नाही. म्हणून अमेरिकेच्या कायद्यात दुसऱ्याच्या गोळीची खोटी खूण पाडायला पंच किंवा डाय बनवणं आणि जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडे २००८च्या दुरुस्तीनंतर, नकली औषधामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा गंभीर इजा झाली तर दोषीला किमान दहा वर्षं कैद, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड असणं सक्तीचं आहे. मोबाईलवर तो स्कॅन केला की कंपनी, बॅच आणि मुदत समजते. गटातल्या ज्या मुलींना हे येतं त्यांनी बाकीच्यांना शिकवा.

आणि बिल घ्या. बॅच नंबर लिहिलेलं बिल. पाकीट कापून सुट्या गोळ्या घेताना मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येतोय का ते पाहा. गोळीचा रंग नेहमीपेक्षा वेगळा, कडा तुटलेल्या, पाकीट उघडताच भुगा पडतोय, टोपी निघालेली दिसली, तर ती गोळी घेऊ नका. पाकिटासकट दुकानात परत न्या. दुकानदाराने ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. हा आपला हक्क आहे, त्यासाठी इंग्रजी यायला लागत नाही.

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने घरात चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीट घेऊन या. कोणत्या गोळीवर रेघ आहे, कोणतीवर लेप आहे, मुदत कधीची, रोज किती घ्यायच्या सांगितल्या होत्या आणि आपण किती घेतो, हे एकमेकींना वाचून दाखवा. जिथे शंका येईल ते प्रश्न वहीत लिहा. आशाताई आल्या की त्यांच्यासमोर ठेवा, नाहीतर दोघी-तिघींनी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. गटाच्या पैशाचा हिशोब आपण महिन्याला चोख तपासतो, गोळ्यांचाही तसाच तपासू.

आजच्यापुरतं इतकंच. काळजी घ्या. नमस्कार.